विनोद न सांगता हसायचं: हास्यक्लबात नव्याने येणाऱ्यांसाठी

हास्यक्लबात विनोद सांगत नाहीत. एवढं आधी डोक्यात बसलं की निम्मा संकोच तिथेच संपतो. 'मला विनोद सांगता येत नाही', 'मला उशिरा कळतो', 'चारचौघांत मोठ्याने हसायची सवय नाही' अशी कारणं देत बरीच माणसं बागेच्या कठड्यावर बसून नुसती बघत राहतात. पण सूर्यनमस्कार घालायला जसं कुणी निमित्त शोधत नाही, तसं इथे हसायलाही निमित्त लागत नाही. हसणं हाच व्यायाम.

सुरुवात मात्र विनोदांनीच झाली होती. मुंबईचे डॉ. मदन कटारिया आपल्या 'माय डॉक्टर' या आरोग्य मासिकासाठी हसण्याच्या फायद्यांवर लेख लिहीत होते. नुसतं लिहिण्यापेक्षा करूनच बघू, म्हणून १३ मार्च १९९५ ला सकाळी ते अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत गेले आणि फिरायला आलेल्यांना गाठू लागले. बहुतेकांनी वेड्यात काढलं. चौघे तयार झाले. पाच जणांचा गोल, मध्ये एकाने येऊन विनोद सांगायचा, बाकीच्यांनी हसायचं. गर्दी वाढली, पण थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले. मग उरले ते चावट आणि कुणाला तरी लागणारे. लोक कुरकुरू लागले. तेव्हा विनोद बंद करून विनाकारण हसायचं ठरलं. डॉक्टरांच्या पत्नी माधुरी कटारिया योग शिकवत, त्यामुळे दोन हसण्यांच्या मध्ये दीर्घ श्वास आले आणि त्याला 'हास्ययोग' हे नाव मिळालं. पुण्यात विठ्ठल काटे यांनी सुरू केलेल्या नवचैतन्य हास्ययोग परिवाराच्या शाखा बागाबागांतून भरतात. पुण्यात सकाळी फिरायला निघालात तर 'हो हो, हा हा हा' कानावर पडायला फार लांब जावं लागत नाही.

आधी हे तपासा

कुणी आधी डॉक्टरांना विचारावं, ही गोष्ट बहुतेक जण शेवटी एका ओळीत उरकतात. मी ती पुढे आणतोय, कारण जोराचं हसणं हे पोटाला आणि छातीला जोराचंच काम आहे. हसताना पोटातला दाब वाढतो, नाडी आणि रक्तदाबही तेवढ्यापुरता वर जातो, मग खाली येतो. धडधाकट माणसाला याचं काही वाटत नाही. पण हर्निया असेल, मूळव्याधीतून रक्त जात असेल, पोटाची, छातीची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, रक्तदाब औषधांनीही आटोक्यात नसेल, चालताना छातीत दुखत असेल, फिट्स येत असतील, काचबिंदू असेल किंवा कंबर धरलेली असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय रिंगणात उभं राहू नका. गर्भवतींनीही विचारावं. गंभीर मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर तेही डॉक्टरांशी बोलूनच. सर्दी-खोकला असताना येऊ नये, ते इतरांसाठी. वीस माणसं तोंड उघडून एकमेकांसमोर हसत असतात.

दम्याच्या माणसाला हसताहसता खोकल्याची उबळ येऊन धाप लागू शकते. पंप खिशात ठेवा आणि आवाज निम्म्यावर ठेवा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पूर्ण उपाशीपोटी येऊ नये. दोन बिस्किटं खाऊन या आणि गटप्रमुखाला सांगून ठेवा.

आणखी एक गोष्ट आहे, जी बायका एकमेकींच्या कानात सांगतात आणि लेखात कुणी लिहीत नाही. बाळंतपणांनंतर किंवा वयानुसार ओटीपोटाखालचे स्नायू सैल झाले की जोरात हसताना, शिंकताना लघवीचे थेंब जातात. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांनाही हा त्रास होतो. याच कारणाने कितीतरी जणी दोन दिवस येऊन गायब होतात. आधी लघवीला जाऊन या, पॅड लावा, उड्या मारत हसायचे प्रकार सोडा आणि त्या वेळी पाय जवळ घेऊन आवाज न करता हसा. हे स्नायू बळकट करायचे साधे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात, तेही शिकून घ्या. लाजून क्लब सोडण्याइतकं हे मोठं नाही.

आणि कवळी असेल तर नीट बसवून या. सिंहहास्य नावाच्या प्रकारात जीभ पूर्ण बाहेर काढायची असते. एवढ्यावरून काय ते समजा.

क्लब कसा शोधायचा, कसं जायचं

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सकाळी साडेसहा-सातला घराजवळच्या महापालिकेच्या बागेत एक चक्कर मारणं. टाळ्यांचा आवाज येईल तिकडे जा. नाही सापडला तर बागेच्या माळ्याला किंवा सुरक्षारक्षकाला विचारा, त्यांना सगळे गट माहीत असतात. ज्येष्ठ नागरिक संघाच्या फलकावरही चौकशीचा नंबर असतो. मे महिन्याचा पहिला रविवार जागतिक हास्यदिन म्हणून पाळतात. हा दिवस पहिल्यांदा साजरा झाला तो १९९८ मध्ये, मुंबईतच. त्या दिवशी अनेक गट एकत्र येतात, नवख्याला गर्दीत कुणी ओळखत नाही आणि कुणी निरखतही नाही. भिडस्तांनी तोच मुहूर्त धरावा.

बहुतेक ठिकाणी फी नसते, असली तरी नावापुरती. कुणी पहिल्याच दिवशी 'कोर्स'चे भरमसाट पैसे मागितले, किंवा हसून मधुमेह, कर्करोग बरा होतो असं सांगितलं, तर नमस्कार करून पुढच्या बागेत जा.

कपडे सैल हवेत. बंद बूट किंवा पट्ट्याची चप्पल असावी, कारण हसताना गोलात फिरावं लागतं आणि पावसाळ्यात फरशी निसरडी असते. जेवून किंवा भरपेट नाश्ता करून येऊ नका, चहा चालेल. पाण्याची बाटली आणा. गेल्यावर गटप्रमुखाला सांगा की आज पहिलाच दिवस आहे, गुडघा दुखतो, किंवा जे काही असेल ते. गोलात नवख्याने कडेला उभं राहायची धडपड करू नये, कारण गोलाला कडाच नसते. एखाद्या जुन्या, खळखळून हसणाऱ्या काकूंच्या बरोबर समोर उभे राहा. शेजारी नको, समोर. का ते पुढे येईलच.

पहिल्या सकाळी काय होतं

अर्ध्या-पाऊण तासात प्रत्यक्ष हसणं दहा-पंधरा मिनिटांचंच असतं. बाकी वेळ टाळ्या, श्वास आणि हातापायांच्या हालचाली.

आधी टाळ्या. दोन्ही तळवे समोरासमोर, बोटांना बोटं आणि तळव्याला तळवा पूर्ण लागेल अशा. ताल सगळीकडे एकच: एक-दोन, एक-दोन-तीन. त्या तालावर 'हो हो, हा-हा-हा'. जागेवर उभं राहून, मग एकमेकांमधून चालत. ही हसण्याची नक्कल वाटते आणि ती तशीच असते. पण हे 'हो' आणि 'हा' कुठून काढता ते महत्त्वाचं. एक हात बेंबीवर ठेवून 'हो' म्हणा. हात आत ओढला गेला पाहिजे. हात स्थिर राहिला आणि गळा ताणला, तर आवाज घशातून येतोय. नवख्यांची ही सर्वांत नेहमीची चूक. त्यातूनच दुसऱ्या दिवशी घसा बसतो आणि 'मला नाही जमत बुवा' सुरू होतं. हसणं ओरडण्यात मोडत नाही, ते श्वास सोडण्यात मोडतं.

माणसाच्या हसण्यावर आयुष्यभर काम केलेले अमेरिकी संशोधक रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी हसण्याच्या आवाजाचं मोजमाप केलं होतं. एकेक 'हा' सेकंदाच्या जेमतेम तेराव्या हिश्शाइतका छोटा असतो आणि एका 'हा'च्या सुरुवातीपासून पुढच्यापर्यंत सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो. हे सगळे 'हा' एकाच सोडत्या श्वासाचे तुकडे असतात. चिंपांझी मात्र आत आणि बाहेर, दोन्ही श्वासांवर धापा टाकल्यासारखा हसतो. माणूस मोठ्याने हसतो तेव्हा फुप्फुसं नेहमीच्या श्वासापेक्षा किती तरी जास्त रिकामी होतात आणि मग पुढचा श्वास आपोआप खोल जातो. क्लबात दोन हसण्यांच्या मध्ये जो लांब श्वास घ्यायला लावतात, त्याचा उपयोग हाच. म्हणून तो टाळून पुढच्या हसण्याची वाट बघत उभे राहू नका.

तो श्वास असा: गुडघे थोडे सैल, कमरेतून पुढे झुकत सगळा श्वास बाहेर. मग हळूहळू उठत, हात समोरून वर नेत नाकाने श्वास आत. वर पोचल्यावर तीन-चार सेकंद थांबायचं आणि हात खाली आणत तोंडाने सोडायचा. आत घ्यायला जेवढा वेळ, त्याच्या दीडपट-दुप्पट सोडायला. रक्तदाब किंवा चक्कर यांचा त्रास असलेल्यांनी झुकू नये आणि श्वास रोखूही नये. उभ्या उभ्याच करावं.

मग 'व्हेरी गुड, व्हेरी गुड, ये!' पहिल्या दोन वेळी टाळी, तिसऱ्याला दोन्ही हात आकाशाकडे, अंगठे वर. बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांना हे पहिल्यांदा करताना जो त्रास होतो तो बघण्यासारखा असतो. तेच गृहस्थ महिन्याभराने सगळ्यांत उंच हात उडवतात. हा भाग पोरकट आहे, आणि मुद्दाम पोरकट ठेवलाय. आपल्याला हसण्याआधी अंग सैल करायची गरज असते आणि मोठ्या माणसाचं अंग समजावून सैल होत नाही.

आता हास्यप्रकार. एकेक साधारण अर्धा-पाऊण मिनिट, प्रत्येकानंतर पुन्हा टाळ्या किंवा श्वास. नावं गटागणिक थोडी बदलतात, पण हे प्रकार जवळपास सगळीकडे भेटतील.

नमस्ते हास्यात हात जोडून एकेकाच्या समोर जायचं, डोळ्यांत बघायचं आणि हसायचं. शब्द नाही. पहिल्या दिवशी यातच सर्वांत जास्त अवघडायला होतं, कारण अनोळखी माणसाच्या डोळ्यांत इतका वेळ आपण एरवी बघतच नाही. नजर जमिनीकडे जाईल, जाऊ द्या. पण पुन्हा वर आणा.

लस्सी हास्यात दोन हातांत दोन पेले धरल्याची कल्पना करायची. या पेल्यातून त्या पेल्यात 'एऽऽऽ' करत ओतायचं, उलट ओतायचं, मग तोंडाला लावून मान मागे टाकत हसायचं. मान दुखत असेल तर हनुवटी नुसती थोडी वर. ज्यांना लस्सी नको त्यांनी ताक प्यावं, आमच्याकडे यावरून वाद होत नाही.

मीटर हास्यात कापड मोजतात तसा एक हात आडवा धरायचा आणि दुसऱ्या हाताने मनगट, कोपर, खांदा असं 'ए, ए, ए' म्हणत मोजत जायचं. शेवटी दोन्ही हात पसरून मोकळं हसायचं. खांदे आखडलेल्यांना हा प्रकार फार चांगला.

मोबाइल हास्यात रिकामी मूठ कानाला लावून, पलीकडे जणू कुणी भलतंच काही सांगतंय अशा थाटात हसत फिरायचं. भांडण हास्यात दोन गट समोरासमोर येऊन एकमेकांकडे तर्जनी रोखून हसतात, आणि लगेच पुढे क्षमा हास्य, म्हणजे स्वतःचे कान धरून हसत माफी मागणं. सासू-सुना एकाच गटात असतील तर या दोन प्रकारांना जरा जास्तच रंग चढतो.

सिंहहास्य वेगळं आहे. जीभ पूर्ण बाहेर, डोळे मोठे, हातांचे पंजे आणि आवाज थेट पोटातून. घसा, जबडा, चेहरा सगळ्यांना ताण बसतो. जबड्याचा सांधा निखळण्याचा त्रास असेल तर करू नका.

मौन हास्यात तोंड उघडं, आवाज शून्य, पोट मात्र हलतंय. गुंजन हास्यात ओठ बंद आणि 'म्'चा गुंजारव करत हसणं. हे दोन्ही मला सर्वांत जास्त आवडतात, कारण यांत ढोंग टिकत नाही. शेजारचा माणूस आवाज दाबताना लाल होतो, त्याला बघून आपलं फुटतं, आणि मग सगळं रिंगण खरोखरच हसू लागतं.

शेवटी दोन्ही हात वर करून काही घोषणा असतात, 'आम्ही जगातली सर्वांत आनंदी माणसं' अशा धर्तीच्या. मग एक-दोन मिनिटं डोळे मिटून शांत उभं राहायचं. हे टाळून गाडी काढायला पळू नका. हसून वाढलेली नाडी उतरायला तेवढा वेळ लागतोच.

खोटं हसून काय उपयोग?

हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो. त्याला ठरलेलं उत्तर मिळतं: 'शरीराला खरं आणि खोटं हसू वेगळं कळत नाही.' हे वाक्य अर्धंच खरं आहे. श्वासाचे आणि पोटाचे स्नायू दोन्हीकडे काम करतात, त्यामुळे व्यायाम म्हणून फारसा फरक पडत नाही. पण मेंदूत ठरवून हसण्याचा आणि आपसूक हसू येण्याचा मार्ग वेगवेगळा आहे. आपसूक हसताना डोळ्यांभोवतीचा स्नायू आकसतो आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत सुरकुत्या पडतात. फोटोसाठी ओठ ताणून हसताना बहुधा तसं होत नाही.

क्लबात ठरवून सुरू केलेलं हसू पुष्कळदा आपसूक होतं, आणि त्याचं कारण समोरचा माणूस. प्रोव्हाइन यांच्या निरीक्षणानुसार माणूस एकटा असताना जेवढा हसतो त्याच्या सुमारे तीसपट सोबतीत हसतो. लोकांच्या रोजच्या गप्पांतलं हसणं त्यांनी टिपलं तेव्हा त्यातलं वीस टक्क्यांहूनही कमी हसणं विनोदावर निघालं. बाकीचं 'बरंय मग, भेटू' अशा साध्या वाक्यांवर. आता कळलं असेल की खळखळून हसणाऱ्या काकूंच्या समोर उभं राहायला का सांगितलं. समोर हसरा चेहरा दिसला की हसू लवकर येतं. शेजारी उभं राहिलात तर फक्त आवाज येतो.

म्हणून पहिल्या दिवशी हसू आलं नाही तर नुसतं 'हा हा हा' म्हणा आणि बघत राहा. न हसता टाळ्या वाजवल्या तरी कुणी काही म्हणत नाही. आमच्यात एक आजोबा कितीतरी दिवस फक्त टाळ्या वाजवायचे.

फायदा किती, नेमका कशाचा?

ऑक्सफर्ड विद्यापीठातले संशोधक रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत एकत्र बसून मोकळं हसल्यानंतर लोकांची वेदना सहन करण्याची मर्यादा वाढलेली दिसली. यामागे मेंदूत स्रवणारी एंडॉर्फिन्स, म्हणजे वेदना कमी करणारी द्रव्यं, असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांत नुसत्या मंद हसण्याने हे घडलं नाही, पोटातून हसणं लागलं. गुडघेदुखीवाल्या मंडळींना क्लबातून घरी जाताना जिना हलका वाटतो, त्याच्याशी हे जुळतं. पण दुपारपर्यंत गुडघा पुन्हा आपली आठवण करून देतो, हेही तेच लोक सांगतात.

वजनाचं म्हणाल तर आशा ठेवू नका. एका अमेरिकी अभ्यासात दिवसाला दहा-पंधरा मिनिटं खरं हसण्याने दहा ते चाळीस कॅलरी खर्च होतात असं आढळलं. म्हणजे अर्धी पोळी, तीही तुपाशिवाय. त्यामुळे क्लबाला यायचं म्हणून फिरणं बंद करू नका. अर्धा तास चालून मग रिंगणात या.

माझं मत विचाराल तर या सगळ्यात जास्त कामाला येतो तो रोजचा ठरलेला वेळ आणि ठरलेली माणसं. निवृत्तीनंतर, जोडीदार गेल्यावर, मुलं परदेशी गेल्यावर सकाळी सहाला उठायचं काही कारण उरत नाही. इथे दोन दिवस आला नाहीत तर कुणाचा तरी फोन येतो: 'काय हो काका, बरं आहे ना?' वाढदिवसाला गोलात मध्ये उभं करतात, पेढे वाटले जातात. मन फार दिवस खचलेलं असेल, झोप उडाली असेल, जगण्यात रस वाटेनासा झाला असेल, तर मात्र क्लबावर विसंबू नका. डॉक्टर गाठा, औषध चालू करा आणि जमेल तेव्हा क्लबालाही या. 'हसत राहा, सगळं ठीक होईल' हा सल्ला अशा माणसाला देणाऱ्या सभासदांना मी बाजूला घेऊन समजावतो.

पहिले दोन-तीन आठवडे

रोज जमलं तर उत्तम, आठवड्यातून तीन दिवस आलात तरी फरक कळतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरगड्यांखाली आणि पोटाला हलकी कळ येईल. ते स्नायू बऱ्याच दिवसांनी वापरल्याचं लक्षण आहे, चार दिवसांत जातं. गरगरायला लागलं तर तुम्ही श्वास भराभर घेताय. थांबा, खाली बसा, नाकाने संथ श्वास घ्या. घसा खवखवला तर पुन्हा बेंबीवर हात ठेवून तपासा. छातीत दुखलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, खूप घाम फुटला, तर 'जरा जास्त हसलो' म्हणून घरी जाऊन पडू नका. तिथेच कुणाला तरी सांगा आणि दवाखाना गाठा.

गोलातले दोनच नियम कडक आहेत. कुणाच्या रूपावर, जातीवर, बोलण्यावर हसायचं नाही, आणि राजकारण रिंगणाबाहेर ठेवायचं. व्हॉट्सअ‍ॅप गटावर दुसरा नियम रोज मोडला जातो, त्याला माझ्याकडे इलाज नाही.

ज्यांना सकाळी बाहेर पडणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी अनेक गट ऑनलाइन भरतात. करोनाच्या टाळेबंदीत ही सोय पसरली आणि टिकली. त्यामुळे परदेशी असलेली मुलगी आणि इथली आई एकाच पडद्यावर सिंहहास्य करताना दिसतात. कॅमेरा चालू ठेवा आणि पडद्यावर एकच चेहरा मोठा करून बघा. सगळे चौकोन छोटे दिसले तर नजरेला नजर मिळत नाही.

जवळ क्लबच नसेल तर

स्वतः सुरू करा. पाच-सहा माणसं पुरतात, पहिल्या क्लबात तरी कुठे जास्त होती! आधी एखाद्या चालू गटात काही आठवडे जाऊन तिथला क्रम नीट पाहून घ्या. हास्यप्रकार घेणारा एकच नको. तीन जणांनी आळीपाळीने घ्यावं, नाहीतर गटप्रमुख गावाला गेला की क्लबही गावाला जातो. वेळ ठरली की ठरली, चार जण आले तरी सुरू करायचं. पावसाळ्यासाठी छप्पर असलेली जागा आधीच बघून ठेवा. सोसायटीचं पार्किंग, देवळाचा सभामंडप, काहीही चालतं. बागेत भरवणार असाल तर उद्यान विभागाला एक अर्ज देऊन पोच घेऊन ठेवा.

आणि शेजाऱ्यांचा विचार आधी करा. कुर्ल्यातल्या एका हास्यक्लबाच्या आवाजाची तक्रार मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली होती. आपल्याला जो आनंदाचा गडगडाट वाटतो, तो रात्रपाळी करून पहाटे झोपलेल्या माणसाला तसा वाटेलच असं नाही. सकाळी सहाच्या आधी ध्वनिक्षेपक लावणं बेकायदा आहे, आणि हसायला तो मुळात कशाला हवा? रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो, तिथे गोल भरवू नका. समोरच्या इमारतीच्या सेक्रेटरींना आधी भेटा, गटप्रमुखाचा नंबर देऊन ठेवा आणि एक दिवस त्यांनाच पाहुणे म्हणून बोलवा. सातच्या आत मौन हास्य आणि गुंजन, सातनंतर मोठ्या आवाजाचे प्रकार, असा क्रम लावला तर तक्रारी बहुतेक येत नाहीत. बारावी-दहावीच्या परीक्षांच्या दिवसांत मात्र पूर्ण वेळ मौन हास्यच घ्या.